टाकीतली पावडर

मी तोंडाची फटकळ आहे, हे अख्ख्या वसतिगृहाला ठाऊक आहे. हरसूलच्या या मुलींच्या वसतिगृहात लघवीपासून खत काढायचं यंत्र मी चालवते. टाकीत साठलेली लघवी पंपाने बारीक पडद्यांतून ढकलायची. पाणी पलीकडे जातं, नत्र-पालाश अलीकडे राहतं, ते आम्ही मिरचीला घालतो. काम सोपं, फक्त वास भयंकर.

शुक्रवारी मोठे साहेब यंत्र बघायला येणार होते. सकाळी मी आमच्या सफाईवाल्या भिमाबाईवर उखडले. "नाक धरून बसायचं का साहेबांनी? पावडर मार सगळीकडे! वास गेला पाहिजे."

साहेब येणार म्हटलं की गटाराच्या कडेने, पायरीपाशी ब्लीचिंग पावडर मारायची, ही आमच्याकडची रीतच. मी तेवढ्यासाठीच म्हणाले होते.

थोड्या वेळाने यंत्राच्या खोलीतून खोकला ऐकू आला. दार ढकललं तर डोळ्यांत मिरची गेल्यासारखं झालं. टाकीचं झाकण उघडं, बाजूला पावडरची रिकामी पिशवी, आणि भिमाबाई भिंतीला टेकून खाली बसलेली. अगं आई गं! मुरलेल्या लघवीत ही पावडर पडली की विषारी वायू होतो, हे मला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. तिला कोण शिकवणार होतं?

श्वास रोखून आत घुसले, तिच्या काखेत हात घातले आणि फरफटत बाहेर आणलं. ओठ निळे पडलेले. "भिमाबाई, ए भिमाबाई, डोळे उघड गं!" मी किंचाळत होते.

जीपमध्ये दवाखान्यापर्यंत मी तिच्या छातीकडेच बघत होते. हलतेय ना? हलतेय ना? ही गेली तर मीच मारली. पोलीस येतील, नोकरी जाईल, हेही मनात आलं. स्वतःचीच शिसारी आली मला.

डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला. तासाभराने म्हणाले, "वाचेल. उद्यापर्यंत लक्ष ठेवू."

तेवढ्यात भिमाबाईची लेक अंजली शिवणाचं काम टाकून धावत आली. तिने माझे पायच धरले. "ताई, तुम्ही नसत्या तर माझी आय गेली असती."

गप्प बसले असते तर कोणाला कळणार होतं?

"अंजली, पावडर मारायला मीच सांगितलं होतं गं. टाकीत टाकू नको, एवढं सांगायचं राहिलं."

तिने मान वर केली. मग माझ्या पायांवरचे हात काढून घेतले.