गावाने जे मागितलं

नियोजन कार्यालयाच्या मॅडम पहिल्यांदा गावात आल्या, त्या दिवशी बैठकीला माणसं कमी आणि खुर्च्या जास्त होत्या. बैठक शाळेत होती. शाळा बंद पडून बराच काळ लोटला होता, तरी फळ्यावर कुणीतरी काढलेला हत्ती अजून तसाच होता. मॅडम तरुण होत्या. प्रवासाने त्यांचा घसा बसला होता, पण बोलत होत्या मनापासून.

"तुमच्या गावाचं पुढे काय व्हावं हे आम्ही ठरवणार नाही, तुम्ही ठरवायचं. तुम्ही शिफारशी द्या, त्यावरून आराखडा तयार होईल."

 मग मागच्या बाकावरून गवंड्याने हात वर केला.

"मॅडम, तुम्ही परत कशा जाणार? बस तर मघाशीच गेली."

हशा पिकला. मॅडमही हसल्या. "मग हीच पहिली शिफारस लिहून घेऊ," त्या म्हणाल्या. "आणि समितीचे अध्यक्ष तुम्हीच व्हा."

असा गवंडी अध्यक्ष झाला. सिमेंटची धूळ बसलेल्या आपल्या गाडीतून त्याने मॅडमना हमरस्त्यापर्यंत सोडलं आणि घरी येताना शीळ घातली. बायको अंगणात दोरीवरचे कपडे काढत होती. नवऱ्याची शीळ ऐकून ती थांबलीच.

"अहो, अध्यक्ष झालात म्हणे."

"कुणीतरी व्हायलाच हवं ना."

"त्यांचं सगळं आधीच ठरलेलं असतं. आपल्याला विचारायचं ते नावापुरतं."

"या वेळी तसं नाही. बाई खरी आहे."

"बाई असेल हो खरी. बाईच्या वरचे?"

गवंडी अंगावरची धूळ झटकू लागला. गावातली निम्मी घरं त्याच्या हातची होती. हल्ली मात्र त्याच्या वाट्याला नवं काम येत नव्हतं. गळती बुजव, कठडा सांध, असलंच काहीतरी. एकेका दाराला कुलूप लागताना तो बघत आला होता. आता कुणीतरी त्याला पुढचं विचारलं होतं आणि तेवढ्याने त्याला आजारातून उठलेल्या माणसासारखी भूक लागली होती.

तो घरोघर फिरू लागला. सुरुवातीला कोणी धड बोलेना. दुकानदाराला सगळे रेडिओ म्हणत, कारण त्याचं तोंड बंद करायचं बटण कुणाला सापडलं नव्हतं. तो म्हणाला, "लिही, विमानतळ पाहिजे. दुकानाच्या समोरच." बाकीचे म्हणत, चाललंय की बरं. रोजच्या ओळखीच्या माणसापुढे आपलं दुखणं काढायला लोकांना जड जात होतं. गवंडी चिवट होता. चहा घ्यायचा, भिंतीवरून हात फिरवायचा, हवापाण्याचं बोलायचं आणि वाट बघायची. हळूहळू माणसं बोलती झाली. सुताराच्या बायकोने सांगितलं, नवऱ्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या ती अर्ध्या करून देते, कारण औषधांच्या दुकानापर्यंत जाऊन यायला अख्खा दिवस मोडतो. दूधवाल्याने सांगितलं, नळाला येणारं पाणी तो स्वतःच्या लेकराला पाजत नाही. गवंडी प्रत्येकाला एकच सांगायचा, "संकोच करू नका. खरं सांगितलं तरच काही मिळेल."

सगळ्यात शेवटी तो आत्याकडे गेला.

आत्या म्हणजे त्याच्या वडिलांची बहीण. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलेलं. गावाच्या टोकाला एकटी राहायची. घर आरशासारखं लख्ख, केस नीट बांधलेले, कुणाकडून काही घेणं ठाऊक नाही.

"मला काही नको," आत्या म्हणाली. "तू जेवून जा."

"आत्या, सगळ्यांनी सांगितलंय. तूही सांग."

"सांगायला काय आहे? हातपाय चालतायत."

गवंड्याची नजर तिच्या मनगटाकडे गेली. तिथे पिवळं पडत चाललेलं काळंनिळं होतं. "हे काय?"

"भांडं लागलं."

"आत्या."

ती खिडकीकडे वळली. मग एखाद्या परक्या बाईची गोष्ट सांगावी तशी बोलली. न्हाणीघरात पाय घसरला होता. उठताच येईना. हाका मारल्या, पण शेजारच्या तिन्ही घरांना कुलपं. सकाळी दूधवाला आला तोवर ती तिथेच ओल्या फरशीवर पडून होती. अंगावर धड कपडाही नव्हता. दूधवाल्याला तिने शपथ घातली होती.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगून काय करणार होतास? घाबरला असतास." तिने पदराने ओठ टिपले. "हे लिहू नकोस हं कुठे."

"नाव नाही लिहीत. पण आत्या, हेच तर त्यांना कळायला हवं. असलं वाचल्यावर दवाखाना द्यावाच लागेल त्यांना."

आत्याने हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. गवंड्याने ते हो धरलं.

दुसऱ्या बैठकीला शाळेत उभं राहायला जागा उरली नाही. शिफारशी मोठ्याने वाचल्या गेल्या. दवाखाना आणि तिथे रोज बसणारी नर्स. सकाळ-संध्याकाळची बस. पिण्याजोगं पाणी. पुन्हा सुरू होणारी शाळा, म्हणजे तरुण जोडपी परत येतील. बसथांबा कुठे असावा यावरून एवढा वाद पेटला की जणू बस गावाच्या वेशीवर येऊन हॉर्नच वाजवतेय. रेडिओला तो दुकानासमोर हवा होता, सुताराला सावलीत. कित्येक वर्षांत गाव इतकं भांडलं नव्हतं. मॅडम कोपऱ्यात बसून ऐकत होत्या. निघताना गवंड्याला म्हणाल्या, "मी पुष्कळ गावं केली, पण इतकं मोकळं कुणी बोललं नाही." त्यांचे डोळे भरून आले होते. ते खोटं नव्हतं, हे गवंडी पुढेही कधी नाकारू शकला नाही.

मग नुसती वाट बघणं. उन्हाळा सरला, थंडी आली. गवंड्याने कुणी न सांगताच दवाखान्यासाठी शाळेमागची जागा साफ करून ठेवली. बायको बघत होती, बोलत नव्हती.

आराखडा घेऊन मॅडमबरोबर त्यांचे साहेब आले. साहेब गोड बोलायचे. शाळेत लावलेल्या पडद्यावर रंगीत चित्रं होती. शहराच्या कडेला उंच इमारती, मधे बाग, बागेत छत्री घेतलेली एक बाई. गावातलं काही त्या चित्रांत नव्हतं.

"तुमच्या एकाही शिफारशीला आम्ही डावललेलं नाही," साहेब म्हणाले. "तुम्ही दवाखाना मागितलात, तो या नव्या वसाहतीच्या दारात आहे. बस मागितलीत, ती दर थोड्या वेळाने आहे. शाळा आहे, शुद्ध पाणी आहे. विचार एवढाच केला की या सगळ्या सोयी इतक्या थोड्या लोकांसाठी इथवर आणण्यापेक्षा लोकांनाच सोयींजवळ नेलं तर?"

सगळी बैठक गप्प झाली. रेडिओसुद्धा.

"म्हणजे गाव उठणार?" सुताराने विचारलं.

"उठणार असं नका म्हणू. गाव नव्या जागी जाणार. आणि ही निकड आम्ही नाही ठरवली. तुमच्याच लोकांनी सांगितलंय." साहेबांनी पुढचं पान लावलं आणि वाचून दाखवलं. गावात एकटी राहणारी एक वृद्ध महिला न्हाणीघरात पडली आणि विवस्त्र अवस्थेत रात्रभर मदतीविना पडून राहिली. "अशा परिस्थितीत माणसांना इथे ठेवणं आपल्यापैकी कुणाला तरी पटेल का?"

नाव नव्हतं. नावाची गरजही नव्हती. एकटी राहणारी वृद्ध महिला गावात एकच होती आणि ती पहिल्या रांगेत बसली होती. कुणी तिच्याकडे बघितलं नाही, आणि सगळे मुद्दाम बघत नाहीयेत हे तिला नक्कीच कळलं असणार. ती उठली, साडी सारखी केली, आणि ताठ मानेने दारापर्यंत गेली. गवंडी मागे धावला.

"आत्या, ऐक तरी. मी चांगल्यासाठी—"

"माझ्या मागे येऊ नकोस," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता.

दुसऱ्या दिवशी गवंडी मॅडमच्या कार्यालयात गेला. अरुंद खोली, खिडकीला लागून कागदांचे गठ्ठे. मॅडमनी खुर्ची दिली, स्वतः मात्र उभ्याच राहिल्या.

"मी तुमचं म्हणणं जसंच्या तसं पाठवलं होतं," त्या म्हणाल्या. "सोबत लिहिलं होतं की लोकांना गावातच राहायचंय."

"मग?"

"ते मत झालं. बाकीचं सगळं पुराव्यात गेलं." त्या खाली बघत म्हणाल्या. "हरकत घेता येते. पण हरकत टिकायची असेल तर गावात राहण्यात धोका नाही असं दाखवावं लागेल."

"म्हणजे पाणी चांगलं आहे म्हणायचं? गोळ्या पुऱ्या पडतात म्हणायचं?"

मॅडमनी खिडकीजवळचा एक गठ्ठा सारखा केला.

"आमची आत्या पडलीच नव्हती, असं लिहून देऊ?"

"मी बदली मागितलीय," मॅडम म्हणाल्या. ते त्याच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं, पण त्यांच्याकडे देण्यासारखं तेवढंच होतं.

तरी तो पुन्हा घरोघर फिरला. या वेळी चहा मिळाला, माणसं मात्र मिळाली नाहीत. वसाहतीत तळमजल्यावर रेडिओला दुकानाचा गाळा कबूल झाला होता आणि तो विमानतळाचं नावही काढत नव्हता. सुताराच्या बायकोने दारातच सांगितलं, "भाऊ, तुम्हीच विचारलंत म्हणून मी सांगितलं. आता खोटं होतं म्हणून कसं सांगू? गोळ्या तर मी अजून अर्ध्याच करतेय." दूधवाल्याला लेकराची शाळा दिसत होती. रागावण्यासारखं कुणीच काही बोललं नाही, हेच त्याला सहन होईना.

घरी येऊन तो ओसरीवर बसला. "निदान आपण दोघांनी तरी हरकत घेऊ," तो म्हणाला.

बायको समोर येऊन बसली. "अहो, मला जायचंय."

त्याने मान वर केली.

"तुम्ही अख्ख्या गावाला विचारलंत. मला नाही विचारलंत," ती म्हणाली. "मुलगी तिकडे शहरात आहे. नातवंडाचा फोटो बघून बघून डोळे दुखायला लागले माझे. तुमचं मन मोडेल म्हणून गप्प होते. तुम्ही शीळ घालत आला होतात ना त्या दिवशी, तेव्हा खरंच वाटलं, होईल काहीतरी. मग मी गप्पच बसले."

शेवटी हरकत कुणीच घेतली नाही. गवंड्यानेही नाही.

रिकाम्या घरांत कुणी शिरू नये म्हणून दारं-खिडक्या विटांनी बंद करायचं काम निघालं. त्यासाठी गवंड्याला विचारण्यात आलं आणि त्याने हो म्हटलं. बायको चिडली, "लाज कशी वाटत नाही?" तो म्हणाला, "बाहेरचे येऊन वाकडं रचतील." त्याने एकेक दार ओळंबा लावून सरळ बुजवलं. आत्याच्या घराशी मात्र त्याचे हात चालेनात. ते दार शेवटी बाहेरच्या माणसांनी बंद केलं, आणि वाकडंच केलं.

वसाहतीत आत्याला तिसरा मजला मिळाला आणि गवंड्याला त्याच जिन्यावर पहिला. न्हाणीघरात धरायला दांडा होता, दवाखाना दारात होता, बस खरोखरच येत होती. साहेबांनी सांगितलेल्यातलं काहीही खोटं निघालं नाही. बायको मुलीकडे जाऊन यायची, कधीकधी नातवंडाला घेऊन यायची. सुताराचा रक्तदाब उतरला. सुताराने अवजारं विकून टाकली आणि दिवसभर बागेतल्या बाकावर बसून राहू लागला.

आत्या गवंड्याशी बोलली नाही. शेजारणीने विचारलं, हे तुमचे कोण, तर म्हणाली, "आमच्या गावचे आहेत." तो रोज संध्याकाळी दूध घेऊन वर जायचा, दार वाजवायचा. आतून पावलं यायची, दाराशी थांबायची, परत जायची. पिशवी तो कडीला अडकवून ठेवायचा.

तिला भेटायला कुणी येईना आणि तीही कुठे जाईना. गावात ती एकटी होती, पण दाराशी कोंबड्या होत्या, वाटेने माणूस जायचं, ती हटकायची. इथे गाव निरनिराळ्या इमारतींत विखुरलेलं; जिन्यातून माणसं जात ती कोण, कुठली, काही कळायला मार्ग नव्हता. दवाखान्यातल्या नर्सने गवंड्याला सांगितलं, "तब्येतीला काही झालेलं नाही. पण जेवण टाकलंय त्यांनी."

पावसाळा अर्धा झाल्यावर एका संध्याकाळी त्याने दार वाजवलं आणि ते उघडलं.

आत्या निम्मी झाली होती. केस सुटे होते. ती बाजूला झाली आणि तो आत गेला.

"भिंतीला ओल आलीय," ती म्हणाली.

पलंगाच्या उशाशी भिंत काळवंडली होती, रंगाचे पोपडे सुटले होते. त्याने बोटाने दाबून पाहिलं. गिलावा ओल्या पावासारखा आत गेला. त्यात रेती जास्त, सिमेंट नावाला. हे वरवर लिंपून भागणारं नव्हतं, आणि कुणाकडे तक्रार करायची ते त्याला नीट ठाऊक होतं. खाली फलकावर त्यांनी लिहिलंच होतं, आपल्या सूचना जरूर कळवा.

"कळवू का कुणाला?" त्याने विचारलं.

"नको," आत्या म्हणाली. "काही सांगू नकोस कुणाला."

"नाही सांगत."

त्याने तिला खुर्चीत बसवलं, अंथरूण गुंडाळलं, आणि पलंग फरफटत समोरच्या भिंतीशी नेला. अंथरूण परत घालण्याआधी सवयीने त्या भिंतीलाही तळहात लावला. तीही ओलसर, गार होती. त्याने हात पँटला पुसला आणि चादर सारखी करू लागला.