गंजीतला रुकी

साठ-एकसष्टचा हंगाम असेल. अकोल्यात कापसातून सरकी काढणाऱ्या एका जिनात नत्थुजी नावाचा जुना मजूर होता. एखादी थाप मारल्याशिवाय त्याची भाकर पचत नसे. त्या साली फौजेतून सुटून आलेल्या चौकीदारानं, भगवंतरावानं, एक इंग्रजी शब्द आणला. नवख्याला तिकडं ‘रुकी’ म्हणतात. काहून म्हणतात, ते त्यालाही माहीत नव्हतं. नत्थुजीला मात्र तिथल्या तिथं माहीत झालं.

रुकी नावाचा गोरा पोट्टा होता म्हणे. जहाजातून उतरला तो थेट वऱ्हाडात. जिनातल्या जुन्या गड्यांनी त्याला कापसाच्या गंजीत डोक्यासकट गाडला. तो शिंकला नाही की खोकला नाही. दिवस मावळल्यावर बाहेर निघाला आणि मुकादमच झाला. तेव्हापासून साऱ्या नवख्यांना त्याचंच नाव पडलं.

सारे पोट धरून हसले. नुकताच कामाला लागलेला चंद्रभान हसला नाही. तो शेंदूरजनाघाटचा, आजवरची हयात संत्र्याच्या बगीच्यात गेलेली, कापसाच्या ढिगाची चाल त्याला ठाऊक नव्हती. दिवसभर ‘रुकी, रुकी’ ऐकून तो रडकुंडीला आला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो कुठं दिसेना. कापूस निवडणारी जमुना सहज बोलून गेली की, रुकीपण उतरवून येतो म्हणत तो मोठ्या गंजीकडं गेला. त्या गंजीवर तर आत्ताच कापसाच्या दोन बैलबंड्या रिकाम्या झाल्या होत्या.

नत्थुजीनं हातातलं काम टाकलं. तो धावला, दोन्ही हातांनी उकरू लागला. जितका कापूस काढावा तितका वरून घसरून येई. माणसं जमली. शेवटी एक टाच हाताला लागली. ओढून काढला तेव्हा चंद्रभान काळानिळा पडला होता, नाकातोंडात कापूस. तोंडावर पाणी मारल्यावर बऱ्याच वेळानं त्यानं डोळे उघडले.

“शिंकलो नाई मी,” तो म्हणाला. “नत्थुजी, तुमी नवे होते तवा गंजीत किती वेळ बसले होते?”

सारे नत्थुजीकडं पाहू लागले. नत्थुजीनं पोराच्या केसांतला कापूस झटकला.

“मी कदीच नाई बसलो, बापू. कोनीच नाई बसलं. ते मी मनचं जोडलं होतं.”

चंद्रभाननं कूस बदलली आणि त्याच्याकडं पाठ केली.

दुसऱ्या सकाळी नत्थुजीनं फाटकातच सर्वांना सांगितलं, आजपासून रुकी मलेच म्हणा. लोकांना तेवढंच पाहिजे होतं. पिकल्या मिशांच्या म्हाताऱ्याला सारं जिन रुकी म्हणू लागलं, आणि तो मुकाट्यानं ओ देई. एकटा चंद्रभान तेवढा त्याला नत्थुजीच म्हणत राहिला, आणि तीच हाक म्हाताऱ्याला ऐकवत नसे.