डावी मोटर

...केसाहून बारीक, तरी बोटाला तिचं वजन कळतंच — सुंदरानं तांब्याच्या तारेचं टोक नखावर ताणून धरलं. शेजारच्या शेडमध्ये लूम खडखडत होते, आणि समोरच्या हौदात ती चिमुकली नाव पुन्हा डावीकडेच वळत होती, हेकट रेडकासारखी. दुधी भोपळ्याएवढी नाव. मागे दोन मोटरी, दोन पितळी पंखे. हजीऱ्याच्या बंदरातल्या धक्क्याचे खांब पाण्याखाली जाऊन बघायला उद्या निघायची होती, आणि सरळ जाईना. मोटरी सुंदरानं तारेचे वेढे देऊन भरलेल्या, पंखे चिंधानं घडवलेले. "दोष पंख्याचा," असं तिनं सकाळीच सांगून टाकलं, कारखान्याच्या मालकांनी, हेमराजशेठनी, मान डोलावली आणि निकाल लागला.

का नाही लागणार? अख्ख्या उधन्यात तारेवर असा हात होता कुणाचा? अमळनेरहून आल्यापासून चौदा वर्षं तिनं लूमच्या सुताच्या कांड्या भरल्या, गप्पा मारत भरल्या, अर्धवट झोपेत भरल्या, म्हणून तर शेठनी ही तार तिच्या हाती दिली... उगाच नम्र व्हायचं तिला कधी जमलं नाही, आणि आता चाळिशीत शिकायचं म्हणजे — छे!

चिंधा डावा पंखा चिमट्यात धरून बसला होता. रुपयाच्या नाण्याएवढा तो पंखा त्यानं आठ दिवस खपून केला होता, आणि आता तिच्या शब्दावर पुन्हा घासायला निघाला होता. पातं एकदा पातळ झालं की पंखा गेला, आणि शेठ त्याला परत काम देणार नव्हते.

"तू सांगस ते खरं शे, बहीन," तो म्हणाला. "तुना हात चुकत नही."

तिला बरं वाटलं. उजवी मोटर भरताना शेठ शेजारी उभे राहून एकेक वेढा मोजत होते, मास्तरासारखे. तिला हसू आवरेना. डावीच्या वेळी ते बारडोलीला गेलेले. मग काय, हात मोकळा! तिचे वेढे तिनंच मोजले, उजवीइतकेच, नेमके एकशे वीस... बुडाशी नेहमीचे आठ-दहा दिले, आणि मग एक, दोन, तीन —

नेहमीचे?

कांडीच्या बुडाशी देतात ते. सूत मध्येच संपून कापडात फट पडू नये म्हणून जास्तीचे. ते मोजायचे नसतात, चौदा वर्षं तिनं कधी मोजलेच नव्हते. पण मोटरीला कुठली कांडी आणि कुठलं कापड! वेढे जास्त तर मोटर मंद, हे शेठना तिनंच समजावलं होतं. डावी मंद, म्हणून नाव डावीकडे.

चिंधानं कानस पात्याला लावली.

"चिंधाभाऊ, थांब!"

"का वं, बहीन?"

हौदापाशी उभे असलेले शेठही वळले. तिचे कान तापले, लाज वाटली, चांगलीच वाटली. ज्या हाताच्या जिवावर एवढा तोरा, त्यानंच तोंडघशी पाडलं होतं... तिनं मनात भीती चाचपून पाहिली. ती मात्र कुठं सापडेना. दोघं तिच्याकडे बघत होते. सबंध उधन्यात सुंदराची चूक काढणारं माणूस आजवर निघालं नव्हतं, आणि आता निघालं ते सुंदराच. याचं वाईट वाटून घ्यावं की कौतुक, तिला ठरवता येईना. मान काही खाली जाईना.