मोहरी भरलेली मानेची उशी

मी एक जुनी मानेची उशी आहे. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, उशी ती उशी, त्यात मानेची आणि डोक्याची असा फरक कसला? पण मी तुमच्या पलंगावर लोळणाऱ्या त्या लठ्ठ, आळशी उशांपैकी नाही. माझा आकार घोड्याच्या नालेसारखा आहे. प्रवासात बसल्या बसल्या डुलकी लागली की माणसाची मान लटकू नये, म्हणून मला शिवलं. म्हणजे मी जन्माचीच फिरस्ती. आणि नशीब पाहा, माझं बहुतेक आयुष्य मुलुंडच्या एका घरात दारामागच्या खुंटीवर गेलं! मला एका जागी बसवत नाही. आत्ता बोलतानासुद्धा माझ्या पोटात चुळबुळ चालली आहे. ती कसली, ते कळेलच तुम्हाला.

एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. मी मरून रंगाची, आणि माझ्याबरोबर शिवलेली माझी बहीण निळी. आम्हा दोघींना एकाच पारदर्शक पिशवीत कोंबून मुलुंड स्टेशनबाहेरच्या एका टपरीवर टांगलं होतं. तिथे श्रुतिका आणि सिद्धेश आले. लग्नाला थोडेच दिवस राहिले होते आणि दोघं हनिमूनची खरेदी करत होते.

"मरून माझी हं," श्रुतिका म्हणाली.

"घे ना. पण गाडीत घोरलीस ना, तर निळी तोंडात कोंबीन," सिद्धेश म्हणाला.

त्या क्षणापासून मी श्रुतिकाची झाले. ही गोष्ट लक्षात ठेवा, मित्रांनो. पुढे सगळं महाभारत त्यावरूनच झालं.

मला वाटलं, आता थेट हिमालय. कसला हिमालय! या घरात रीत अशी की नवी जोडी आधी गावच्या देवाच्या पाया पडणार, मग कुठे हवं तिथे जाणार. सिद्धेशच्या आईचं, रत्नप्रभाबाईंचं माहेर आणि सासर दोन्ही कोकणात मालवणच्या बाजूला. त्यामुळे माझा पहिला प्रवास भाड्याच्या गाडीतून गावाकडे झाला. पुढे सिद्धेशचे वडील, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात. मागे रत्नप्रभाबाई आणि अण्णांची बहीण कुंदाआत्या, आणि अगदी शेवटच्या बाकावर सामानाच्या पिशव्यांत दबलेली नवी जोडी. कुंदाआत्यांची कंबर धरली, तेव्हा त्यांनी "बघू गो ती उशी" म्हणत मला घेतलं आणि माझ्यावर बसल्या. देवळापर्यंत मी आत्यांच्या खाली होते. ज्या मानेसाठी जन्माला आले ती मान शेवटच्या बाकावर लटकत होती, आणि मी इथे गुदमरत होते! देवळात श्रुतिकाने ओटी भरली, अण्णांनी हात जोडून गाऱ्हाणं घातलं, "देवा महाराजा, पोरां लांब जातत, त्यांका सुखरूप ने आणि सुखरूप परत हाड," आणि सगळे एका सुरात म्हणाले, "व्हय महाराजा!"

त्यानंतर मात्र खरा प्रवास झाला. सिक्कीम! काय सांगू तुम्हाला! एका बाजूला डोंगर, एका बाजूला खोल दरी, आणि मध्ये हिंदकळणारी आमची जीप. श्रुतिकाला गाडी लागायची. ती आवळासुपारी चघळत डोळे मिटून बसायची, मी तिच्या गळ्यात घट्ट. पण थोडा वेळ गेला की ती मला बाजूला सारायची आणि डोकं टेकायची ते सिद्धेशच्या खांद्यावर. मला राग यायचा. मग मला घेतलं कशाला, असं वाटायचं. निळीचंही तेच. शेवटी आम्ही दोघी पायाशी पडून नाचणीच्या लाडवांच्या डब्याला टेकून खिडकीतून ढग बघायचो. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात सुखाचे दिवस. तेव्हा मात्र मी रागावण्यात बराच वेळ घालवला.

परतीच्या दिवशी निळी हॉटेलच्या खोलीत विसरली. गाडी निम्मा घाट उतरल्यावर सिद्धेशच्या लक्षात आलं.

"जाऊ दे," श्रुतिका हसून म्हणाली, "परत येऊ तेव्हा घेऊन जाऊ. दर वर्षी एकदा तरी कुठेतरी जायचं आपण. प्रॉमिस?"

"प्रॉमिस, यार."

मित्रांनो, मी ते ऐकलं आणि खरं मानलं.

मुलुंडला आल्यावर मला दारामागच्या खुंटीवर अडकवलं. सुरुवातीला दर रविवारी कुठे जायचं याच्या गप्पा व्हायच्या. मी कान देऊन ऐकायची. कधी सुट्टी मिळेना, कधी अण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं, कधी नुसताच कंटाळा. दार उघडलं की मी भिंतीवर आपटायची, मिटलं की लोंबकळायची. तेवढाच माझा प्रवास. मग श्रुतिकाचं पोट दिसू लागलं आणि गप्पाही बंद झाल्या.

बाळाचं नाव ठेवलं ओजस्वी. घरात सगळे तिला ओजू म्हणतात. ओजू हॉस्पिटलमधून घरी आली त्या सकाळी रत्नप्रभाबाईंनी मला खुंटीवरून काढलं. मला वाटलं, चला, निघालो! त्यांनी कात्री घेतली, माझी शिवण उसवली आणि माझ्या पोटातला सगळा मऊ कापूस उपसून काढला. मग स्वयंपाकघरातून मोहरी आणली आणि माझ्यात ओतली. तान्ह्या बाळाचं डोकं गोल व्हावं म्हणून त्याला मोहरीच्या उशीवर निजवतात, ते तुमच्या आजीला विचारा, ती सांगेल. माझा आकार बाळाच्या डोक्याभोवती छान बसेल, असा त्यांनी हिशेब केला. हिशेब चुकला नव्हता. चुकलं एवढंच की ज्या माणसाची उशी होती, त्याला विचारायचं राहिलं.

श्रुतिका आंघोळ करून आली आणि मला पाहून जागीच थांबली.

"आई, ही माझी होती."

"अगो, तुझीच मा! पोरीचा डोक्या गोल नको होवक? उद्या पोरां चपटी म्हणान चिडवतली."

"तसं नाही हो. ही माझी होती. विचारायचं तरी."

"खुंटीर टांगलेली उशी, तिका काय विचारूचा?"

बाळंतिणीचं तोंड सुकलेलं होतं, श्रुतिकाने ते भिंतीकडे वळवलं. मला मात्र तेव्हापासून स्वस्थता नाही. मोहरी ही फार चंचल जात! इकडून दाबलं की तिकडे पळते. कापूस होता तेव्हा मी निदान गप्प बसू शकत होते. मोहरी आल्यावर जरा कोणी हलवलं की माझ्या पोटात खुस्स, खुस्स.

पण त्या खुस्स आवाजावरच ओजू झोपू लागली. मोठी झाली, बसू लागली, धावू लागली, तरी मी तिला हवीच. ती दोन वर्षांची झाली तोवर मी तिचं सगळं काही झाले होते. मला गळ्यात घालून ती घरभर पळायची. मला वरणभात भरवायची. हो, खरंच भरवायची, शिवणीत बोटाने कोंबायची! दुपारी मला दोन्ही हातांत धरून स्टिअरिंगसारखी फिरवायची आणि ओरडायची, "बशा! गाडी जाते!"

"कुठे जाते गाडी?" अण्णा विचारायचे.

"मुंड!"

मुलुंडहून निघून मुलुंडलाच जाणारी गाडी. तिला दुसरं गावच ठाऊक नव्हतं, बिचारीला. श्रुतिका हसायची, पण एकदा हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं. दिवसभर ती फिरतीवरच असायची, पण सगळी फिरती घरातल्या घरात. ऑफिसचं काम, दुधाची बाटली, सांडलेलं पाणी, परत ऑफिसचं काम. चहाचा कप हातात घेऊन ती खिडकीशी जायची, कुठलीशी रिक्षा दिसेनाशी होईपर्यंत बघायची आणि परत फिरायची. तिच्या मनातली चुळबुळ मला कळायची. माझ्या पोटात तीच होती.

आणि एकदाची वेळ आली. लग्नाचा वाढदिवस जवळ आला तेव्हा सिद्धेशने गोराईला समुद्राजवळ एका रात्रीसाठी खोली ठरवली. ओजू आजी-आजोबांजवळ राहणार होती. लेक झाल्यापासून श्रुतिकाचा हा पहिलाच प्रवास.

"आणि माझी उशी मी नेणार," तिने जाहीर केलं.

"गोराईला? अगं, बोटीत बसेपर्यंत उतरायची वेळ येते."

"माहितीये. तरी नेणार."

मी मोहरले. हो, मोहरीनेच भरलेली असले तरी! पण सिद्धेशने मला नाकाशी धरलं आणि तोंड वाकडं केलं. शिवणीत महिनोन्महिन्यांचा वरणभात होता ना. बायकोला स्वच्छ उशी मिळावी, या चांगल्या हेतूने त्याने मला उचललं आणि वॉशिंग मशिनमध्ये टाकलं.

"अरे, मोहरी आहे त्यात!" अण्णा म्हणाले.

"मग? मोहरी काय विरघळते?"

विरघळली नाही, मित्रांनो, उधळली! माझी शिवण उसवली, मोहरी सगळ्या कपड्यांत घुसली. अण्णांच्या बंडीच्या खिशात मोहरी, सिद्धेशच्या ऑफिसच्या शर्टाच्या कॉलरमध्ये मोहरी. उरलेली माझ्या पोटात भिजून दगड झाली. मला चिमटे लावून बाल्कनीतल्या दोरीवर टांगलं. दुपारी झोपायच्या वेळी ओजूने "उशी, उशी" म्हणून जो टाहो फोडला, तो संध्याकाळ झाली तरी थांबेना. दुसरी उशी दिली ती तिने भिरकावली. रडून रडून तिला उलटी झाली.

"ही अशी रडत असताना मी कशी जाऊ?" श्रुतिका म्हणाली. "रद्द कर."

"अगं पण..."

"रद्द कर म्हटलं ना! वाट लागली सगळ्याची. एक वस्तू होती माझी. एक! ती आधी आईंनी फाडली आणि आता तू धुतलीस. मला कोणी काही विचारतं का रे या घरात?"

स्वयंपाकघरात रत्नप्रभाबाईंच्या हातातली पळी थांबली. मी दोरीवरून सगळं ऐकत होते, आणि पाणी माझ्यातून ठिबकत होतं. ती खोली रद्द झाली.

हवा दमट होती, मी काही वाळेना. ओजू कशीबशी आईच्या पोटावर झोपायची. श्रुतिका आणि सिद्धेश कामापुरतं बोलायचे. माझ्या पोटात मात्र काहीतरी वेगळंच चाललं होतं. आतून कोणीतरी ढकलत होतं, गुदगुल्या करत होतं. आणि एका सकाळी अण्णांच्या कडेवर बसलेली ओजू बाल्कनीत आली, माझ्याकडे बोट दाखवून किंचाळली.

"उशीला केश आले!"

धावत सगळे आले. माझ्या उसवलेल्या शिवणीतून मोहरीचे हिरवेगार कोंब बाहेर डोकावत होते. आधी अण्णा हसले. मग सिद्धेश कठड्याला धरून हसू लागला. श्रुतिकाने हसायचं नाही असं ठरवलं होतं बहुतेक, पण ओजूने कंगवा आणून माझा भांग पाडायला घेतला तेव्हा तिचाही बांध फुटला. किती दिवसांनी हसली ती!

रत्नप्रभाबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी मला दोरीवरून काढलं. कोंब आलेली मोहरी तुळशीशेजारच्या रिकाम्या कुंडीत रुजवली. मला उन्हात कडकडीत वाळवलं. मग स्टुलावर चढून माळ्यावरून एक पिशवी काढली. त्या पिशवीत काय होतं सांगा? माझा कापूस! काही टाकून द्यायचं नाही, हा त्यांचा स्वभाव. त्यांनी कापूस पिंजून माझ्यात भरला, बारीक टाक्यांनी शिवण घातली आणि मला श्रुतिकाच्या हातात दिलं.

"विचारूक होया होता मी," एवढंच त्या म्हणाल्या. मग आपल्या जुन्या लुगड्यातून शिवलेला एक लहानसा उशीवजा खिसा पुढे केला. "आणि ह्या ओजूचा. मूठभर मोहरी घातलंय. जावा आता खंय जावचा ता."

ओजूने तो खिसा कानाशी धरून हलवला. खुस्स! तिने मान डोलावली. पास झाला.

पुढच्याच शनिवारी आम्ही निघालो. अण्णांनी देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. गोराईला जाणाऱ्यांसाठी कोणी गाऱ्हाणं घालतं का? पण आमच्याकडे घालतात. "देवा महाराजा, पोरां जातत..." आणि सगळ्यांत मोठ्याने ओजू ओरडली, "व्हय म्हालाजा!"

बस, रिक्षा आणि मग बोट. मी श्रुतिकाच्या गळ्यात! खाडीचा वारा, मासळीच्या टोपल्या घेऊन बसलेल्या बायका, पाण्यावर हेलकावणारी बोट. श्रुतिकाने डोळे मिटले. मी तिची मान सावरून धरली. पण जरा वेळाने तिने मला सरकवलं आणि डोकं टेकलं कुठे? सिद्धेशच्या खांद्यावर. या वेळी मला राग आला नाही. ते डोकं परत त्या खांद्यापर्यंत यावं म्हणून तर मी निघाले होते.

संध्याकाळी दोघं वाळूत बसली होती. घरून फोन आला, ओजू जेवून खुशाल झोपली म्हणून. श्रुतिकाने मला मांडीवर घेतलं आणि सहज थोपटलं. खुस्स. अगदी बारीक आवाज. कोपऱ्यातल्या शिवणीत मोहरीचा एखादा दाणा अडकून राहिला होता. तिने मला परत हलवलं. खुस्स. आणि तिचे डोळे भरून आले.

"काय गं? परत जायचं का?" सिद्धेशने विचारलं.

"नाही. सकाळी, पहिल्या बोटीने." तिने मला गळ्यात घातलं. "आज समुद्र बघू दे मला. आणि पुढच्या वेळी तिलाही आणू. मुलुंडच्या बाहेर जग आहे, हे कळू दे तिला."

मित्रांनो, मी परत खुंटीवर आले आहे. पण आता दार हललं की तो दाणाही हलतो, आणि मला कळतं की कधीतरी पुन्हा निघायचं आहे. तुमच्या घरातही कुठल्यातरी खुंटीवर, कुठल्यातरी माळ्यावर अशी एक वस्तू असेल, जी फक्त तुमच्या आईची आहे. ती घेण्याआधी तिला विचारा. आणि विचारतच आहात, तर हेही विचारा, आई, तुला कुठे जायचंय? निळी अजून त्या घाटातल्या हॉटेलात थांबली असेल. आम्ही परत येणार आहोत, हे तिला सांगायचं राहून गेलंय.