कुडपणची सायकलस्वारी

पोलादपूरच्या पुढे गाडीरस्ता जिथे दमून थांबतो, तिथून कुडपण वर आभाळाच्या शेजारी आहे. तीन तासांची उभी चढण, मग मैल-दीड मैल सपाट माळ, आणि माळाच्या पार टोकाला घरं. महाराजांच्या काळापासून आमचं गाव जसंच्या तसं आहे, असं तिथले लोक अभिमानाने सांगतात. ते खोटं नाही. महाराजांनंतर तिथे कुणी काही केलेलंच नाही. अशा या गावी सायकलवरून जाण्याचा बेत हैबतीने सत्तावन्न सालच्या दिवाळीनंतरचा आखला.

हैबती परका असता तर गोष्ट निराळी. पण तो कुडपणातच जन्मलेला, तिथल्या दगडांवर गुडघे फोडून मोठा झालेला. नऊ वर्षं तो मुंबईला गिरणीत साच्यावर होता आणि त्याची बायको ठकूबाई वर गावात नाचणी, म्हैस आणि गेल्या साली वारेपर्यंत सासू सांभाळत होती. नऊ वर्षं त्याने पंचवीस जणांच्या गाळ्यात पथारी टाकली. यंदा मात्र त्याला लालबागला स्वतःची खोली मिळाली. दहा बाय दहाची, पण दाराला आतून कडी लागणारी. आता ठकूने येऊन राहावं, एवढंच त्याला हवं होतं. हे साधं वाक्य त्याला चार पत्रांत नीट लिहिता आलं नाही. दर पत्रात त्याने खोलीचं वर्णन केलं, नळाचं केलं, ट्रामचं केलं. दर वेळी उत्तर आलं की म्हैस गाभण आहे, किंवा नाचणी उभी आहे.

पाचव्या पत्रात त्याने सायकल घेतल्याची बढाई मारली. त्यावर खालच्या शाळेतल्या गुरुजींच्या वळणदार अक्षरात उत्तर आलं: ‘आपण द्विचक्रीवर आरूढ होऊन आमच्या द्वारी प्राप्त झाल्यास मी आपल्यासमवेत मुंबईस येईन.’ ठकूबाईचे मूळचे शब्द होते, “त्येंला म्हनावं, सायकलवर बसून माज्या दारात या, मग येते.” याचा अर्थ ‘येत नाही’ असाच होतो, हे गुरुजींना कळलं, पोस्टमनला कळलं, सगळ्या गावाला कळलं. हैबतीला तेवढं कळलं नाही. त्याने हाफपँट शिवायला टाकली.

तीन महिने तो परळच्या मैदानात सायकल शिकला. समोर माणूस, गाय किंवा वळण नसेल तर त्याला ती बरी यायची. निघताना त्याने जुन्या बाजारातून एक साहेबी टोपी घेतली, पांढरे मोजे घेतले, आणि ‘मुंबई ते कुडपण सायकलप्रवास’ सुरू झाला. महाडपर्यंत सायकल एस.टी.च्या टपावर होती आणि प्रवासी खाली खिडकीशी. ही बाब त्याने पुढे कुणाला सांगितली नाही. महाडला चवदार तळ्याजवळच्या दुकानात हवा भरून घेताना त्याने “मुंबईहून येतोय” एवढंच म्हटलं आणि दुकानदाराच्या चेहऱ्यावरचं कौतुक खिशात घालून तो पोलादपूरच्या वाटेला लागला. उतार आला की तो सायकलवर बसे, चढ आला की सायकल त्याच्यावर. वाटेतल्या चहावाल्यांना मात्र ‘या वयात एवढी छाती’ वगैरे म्हणायची संधी त्याने भरपूर दिली.

पायथ्याच्या वाडीत तो दुसऱ्या दिवशी सकाळी पोचला. तिथे कुशाबा आणि रावजी ही जोडी होती. वरच्या वाड्यांतला आजारी माणूस खाली दवाखान्यात न्यायचा, नडलेली बाळंतीण न्यायची, आणि दवाखान्याने हात टेकले तर तेच माणूस परत वर आणायचं, हे त्यांचं काम. आजाऱ्याला घोंगडीच्या झोळीतून न्यायचं आणि मेलेल्याला पांढऱ्यात गुंडाळून बांबूला आवळून आणायचं, ही तिकडची सर्वांना ठाऊक असलेली रीत. लांबून नुसता रंग पाहून गाव चूल पेटती ठेवायची की विझवायची ते ठरवी.

“माळापर्यंत खांद्यावरून न्या. माळावर मी बसून जाईन,” हैबती म्हणाला.

कुशाबाने सायकलीभोवती एक फेरी मारली. “हिला बांधायची कशी?”

“बांधा तुम्हांला येतं तसं. पण रंग खरवडता नये. नवा हाय.”

त्यांना एकाच तऱ्हेने बांधता येत होतं. रंग खरवडू नये म्हणून हैबतीने पिशवीतलं आपलं नवंकोरं पांढरं धोतर काढून दिलं, कुशाबाने त्यात सायकल हँडलपासून मागच्या चाकापर्यंत नीट लपेटली, रावजीने सुंभाने तीन ठिकाणी बांबूला आवळली, आणि दोघे सवयीने मान खाली घालून चढणीला लागले. मागून साहेबी टोपी, हाफपँट आणि हातात पंप घेतलेला हैबती. आपण कसे दिसतो याचा त्याला फार अभिमान होता. कसे दिसतो हे मात्र त्याने पाहिलं नव्हतं.

ते साळूबाईने पाहिलं. माळाच्या कडेला ती म्हशी राखत होती. साठीपुढची बाई, नजर मंद, पण आवाजाला अजून धार. खालच्या वळणावर तिला पांढरं दिसलं, बांबू दिसला, मागे टोपीवाला साहेब दिसला. हैबती मुंबईहून यायचा आहे हे तर साऱ्या गावाला ठाऊक होतं. साळूबाईने हिशेब केला: गिरणीचा साहेब हैबतीचं मढं पोचवायला आला. जवळ जाऊन बघावं असं तिच्या मनात आलं नाही, कारण तेवढ्यात दुसऱ्या कुणी आधी सांगितलं असतं तर? तिने म्हशी सोडल्या आणि गावाकडे तोंड करून हाक घातली.

इकडे माळावर पोचल्यावर हैबतीने सायकल सोडवली. कुशाबा-रावजी तंबाखू मळत बसले. स्वारीने चाकांत हवा भरली, मोजे वर ओढले, भांग पाडला. मग टोपी घातली, त्यामुळे भांग फुकट गेला. तेवढ्यात वाऱ्यावरून गावातला हंबरडा आला.

“कोन गेलं रं?” रावजी उठून उभा राहिला.

कुऱ्हाड खांद्यावर टाकून गोमाजी रानाकडे निघाला होता. हैबतीचा चुलता. त्याच्यामागे आणखी चार जण. हैबती आडवा गेला.

“काका, कोन गेलं?”

“आमचा हैबती,” गोमाजी डोळे पुसत म्हणाला. “गुणी पोर व्हता, साहेब. लाकडं आनायला चाललोय.”

“काका, मीच हैबती!”

गोमाजीने त्याला टोपीपासून मोज्यांपर्यंत पाहिलं. “साहेब, अशा टायमाला चेष्टा बरी नाय.”

हैबतीने टोपी काढली. गोमाजी दोन पावलं मागे सरला, मग पुढे येऊन त्याने पुतण्याचा गाल चांगला जोरात चिमटला. खात्री झाल्यावर आनंदाऐवजी त्याच्या तोंडावर गोंधळच जास्त दिसला. “अरं मग पळ की! बयाबाई बसलेय ठकूच्या बांगड्या फोडायला!”

बयाबाई ही गावातली जाणती. रडायला कुणी बसायचं, पाणी कुणी तापवायचं, कपाळ कुणी पुसायचं, सगळं तिच्या हुकमाने चाले. मढं दारात आल्यावर बांगड्या फोडायच्या असतात, हे तिला इतरांहून जास्त ठाऊक होतं. पण मढ्याला वेळ लागतो, तोवर जेवढं उरकेल तेवढं उरकून घ्यावं, अशी ती कामसू बाई होती.

नऊ वर्षांत ठकूच्या हातात हैबतीने एक धड पाटली घातली नव्हती. होत्या त्या काचेच्याच, आणि त्याच्या नावाच्या. त्या तो जिता असताना फुटणार होत्या, आणि त्याही त्याच्या धोतरापायी. त्याने सायकलवर टांग मारली.

कुडपणच्या माळावर त्याआधी कधी सायकल चालली नव्हती. दगड होते, नाचणीची कापलेली ताटं होती, म्हशींच्या खुरांचे वाळलेले खड्डे होते, आणि परळच्या मैदानात न शिकलेली सगळी वळणं होती. हैबती एकदाही उतरला नाही. घंटी वाजवत, ओरडत, दात एकमेकांवर आपटत तो सुटला. साऱ्या प्रवासात त्याने सायकल खरी चालवली ती एवढाच मैल-दीड मैल, आणि गावात ते पाहायला कुणी नव्हतं. पुरुष रानात गेले होते, बायकांनी पदर तोंडावर ओढले होते, आणि रडण्यात घंटी बुडून गेली होती.

अंगणाजवळ त्याला सगळ्या आवाजांतून एक आवाज वेगळा ऐकू आला. तिकडे बायका गेलेल्याला हाका मारत, बोलत रडतात. ठकू रडत होती.

“माज्या धन्या, कशाला रे ती सायकल सांगितली मी! पायी आला असतास तरी आले असते रे! नुस्तं ‘चल’ म्हनला असतास तरी आले असते! कुनी ‘चल’ म्हनलंच नाय रे मला...”

ऐकता ऐकता ब्रेक दाबायचा राहून गेला. सायकल अंगण ओलांडून थेट ओटीच्या पायरीवर आदळली, पुढचं चाक वाकडं झालं, आणि हैबती दाराच्या उंबऱ्याशी जाऊन पडला.

बायकांनी पदर वर केले आणि किंचाळल्या. दोघी-तिघी भूत म्हणून मागच्या दाराने पळाल्या. बयाबाईचा दगड धरलेला हात वरच राहिला. ठकूबाईची मनगटं तिने पाट्यावर धरली होती. बांगड्या शाबूत होत्या.

“आता हे अर्धं काम कसं ठेवायचं?” बयाबाई म्हणाली. तिला खरोखरच काही सुचेना.

ठकूबाईने हात सोडवून घेतले. उठली. हैबतीच्या कपाळावरचं रक्त पदराने पुसलं, आणि मग सगळ्यांसमोर दोन्ही हातांनी त्याचं तोंड धरून पुन्हा रडली, या वेळी आवाज न करता. बायका निघाल्या. जेवायला थांबायचं की नाही याचा कुणालाच अंदाज येईना, म्हणून त्या रेंगाळत निघाल्या.

अंगणात दोघेच उरले, तसा हैबती उठून बसला. गुडघा सोलला होता. “बघितलंस? सायकलवर बसून आलो. दारात आलो.”

ठकूबाईने वाकड्या चाकाकडे पाहिलं, मग डोळे कोरडे केले. “मी बघितलं नाय. माज्या तोंडावर पदर व्हता.”

हैबती आयुष्यभर बोलत आलेला माणूस. पोलादपूरपर्यंतच्या प्रत्येक चहावाल्याला त्याने काही ना काही ऐकवलं होतं. आता त्याच्याजवळ ऐकवायला असं काही होतं की ठकूला मान वर करता आली नसती. त्याने गुडघ्यावरची माती झटकली.

“मग ऱ्हाऊ दे,” तो म्हणाला. “मी पन कायएक ऐकलं नाय. ठकू, चल माज्यासंगं.”

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं.

“ऐकलंत,” ती म्हणाली. “खोटं कशाला बोलताय? परवा नाचणी मळून हुईल. तेरवा निघू.”