सिग्नलला पंखा बंद

त्या घरात गाडीत बसणं म्हणजे फिरणं नव्हतं, कवायत होती. लाल दिवा लांबून दिसला, की पुढच्या सीटवरून मोठी आई हुकूम सोडायची, "दिवे!" गाडी चालवणारा तिचा थोरला मुलगा दिवे बंद करी. "पंखा!" ते बटण तिच्याच हाताशी होतं, तरी ती स्वतःलाही हुकूम देई. "काच!" की थोरली सून दोन सीटांच्या फटीतून हात घालून मागची काच तापवायचं बटण घालवी.

हे केलं नाही तर गाडी उभ्या उभ्या थरथरायची, खोकायची आणि मान टाकायची. मग मागचे भोंगे जास्त वाजतात की मोठ्या आईची जीभ, हे सांगणं कठीण.

"माझ्यामुळं चालते ही गाडी," ती चारचौघांत सांगे. "इंजिनाचं काळीज नाजूक. एका वेळी दोन कामं सांगितली की रडतं. थोरल्यावर गेलंय."

एकदा एक मेकॅनिक बॉनेट उघडून म्हणाला होता, "आजी, पाच मिनिटांचं काम आहे." "आजी असेल तुझी सासू!" म्हणून तिनं त्याला दोन मिनिटांत हाकललं. स्वयंपाकघर थोरल्या सुनेकडे गेलं होतं, किल्ल्या थोरल्याकडे. उरलं होतं ते हे सिग्नलपुरतं राज्य. तेही पाच मिनिटांत देऊन टाकायचं?

त्यात आली धाकटी सून. ही गॅरेजात गाड्यांचं वायरिंग करायची. "लोकांच्या सुना सुया-दोरे धरतात, आमची तारा धरते," असं मोठी आई म्हणायची, आणि ते कौतुक नव्हतं.

धाकटी सून दाखवायला म्हणून सगळे मोठ्या आईच्या बहिणीकडे निघाले. सकाळचं दाट धुकं. चौक आला.

"दिवे! पंखा! काच!"

दिवे गेले, पंखा गेला. थोरलीचा हात फटीतून निघाला, तो धाकटीनं मध्येच धरला. "ताई, थांबा की. मागचं काही दिसत नाही."

गाडी थरथरली, खोकली, मेली.

"घ्या! महिना नाही झाला घरात येऊन, गाडी खाल्ली."

"मी कुठं खाल्ली, आई?" धाकटी खाली उतरत म्हणाली. "दादा, बॉनेट उघडा."

थोरल्यानं आईकडे पाहिलं. परवानगीशिवाय तो शिंकतही नसे. मागे भोंगे वाढले.

"उघड. पडू दे हिला तोंडावर," मोठी आई म्हणाली आणि स्वतःही उतरली. पडलेलं जवळून बघायचं होतं.

धाकटीनं बॉनेटखाली वाकून विचारलं, "आई, तुम्ही सायकलवर कामाला जायचात ना? डायनामो लावला की पायडल कसं व्हायचं?"

"जड. चढावर तर मी तो चाकावरून उचलूनच टाकायची. अंधारात जायची, पण उतरायची नाही."

"मग हा गाडीचा डायनामो. अल्टरनेटर म्हणतात. दिवे, पंखा, काच, सगळ्यांची वीज हाच बनवतो, आणि याला पट्ट्यानं फिरवतं इंजिन. वीज जास्त मागितली की हा जड होतो. पळत्या इंजिनाला त्याचं काही नाही. उभं असताना ते पेंगत फिरत असतं, त्यात हा गळ्यात पडला की कोलमडतं. उभं असतानाचा वेग जरा वाढवायचा, बस. हा स्क्रू. स्क्रू ड्रायव्हर आहे?"

नव्हता. मोठ्या आईच्या पिशवीत मात्र फळं सोलायची बोथट सुरी होती, आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. तिनं पिशवी पोटाशी घट्ट धरली. पण बहिणीच्या दारात गाडी ढकलत न्यायची? ती बाई मरेपर्यंत ऐकवील.

"घे," ती म्हणाली. "माझीच सुरी, माझ्यावरच."

थोरल्यानं सगळं बंद ठेवून गाडी चालू केली. धाकटीनं सुरीच्या टोकानं स्क्रू अर्धा आटा फिरवला. "आता सगळं लावा." दिवे लागले, पंखा लागला, काच तापू लागली. इंजिन क्षणभर वाकलं, सावरलं आणि गुणगुणत राहिलं.

पुढचा सिग्नल आला. हुकूम सुटला नाही. थोरल्यानं सवयीनं दिवे घालवले. थोरलीचा हात फटीत येऊन तसाच लोंबकळला.

"आई, बरं नाही का वाटत?" थोरल्यानं घाबरून विचारलं.

"मला काय धाड भरलीय? दिवे का घालवलेस मेल्या?"

"सवय..."

"सवय घाल चुलीत! आता सिग्नल आला की सगळं लावायचं. दिवे!"

लागले.

"पंखा!" तिनं स्वतः वाढवला. "काच!"

थोरलीचा हात बटणावर गेला. काच आधीच चालू होती, ती बंद झाली. मग धाकटीनं हात घालून पुन्हा चालू केली, पण मोठ्या आईचा हुकूम दुसऱ्यांदा सुटेपर्यंत थांबून.

बहिणीच्या दारात उतरताच मोठी आई म्हणाली, "ही आमची धाकटी. तारा जोडते. हुशार आहे हो. पण पायडल जड का होतं, ते मी सांगितलं तिला."