रुक्सारचं तिसरं फोल्डर

आपला राग नाकाच्या शेंड्यावर, वारंगा फाट्यावर कुणालाबी विचारा. त्या आठवड्यात तर रुक्सारपायी मी आख्खं दुकान डोक्यावर घेतलं होतं.

आमी पंप आपोआप चालू-बंद करणारे डबे बनवतो. डब्यात सर्किटचा बोर्ड, बोर्डात माझा कोड. बोर्ड दोन कंपन्यांचे, पण कोड एकाच फाइलीत कोंबलेला. रुक्सार नोकरीला लागली आन आठ दिवस तेच निवडत बसली. पंप कवा चालवायचा, कवा थांबवायचा ही अक्कल एका जागी. कोणत्या बोर्डाची कोणती पिन काय करते, ते त्या-त्या बोर्डाच्या फोल्डरात.

"चालत्या गाड्याला खीळ काहून घालून राहिली?" मी ओरडलो.

"रत्नपालभाऊ, उद्या तिसरा बोर्ड आला तर?"

"येऊ दे, मंग बघू!"

आला ना! सिद्धेश्वर गावाहून नानीबाईचा फोन. त्यांच्या बचत गटानं टाक्यांत माशाचं बीज, म्हणजे बारकी पिल्लं, सोडलेलं, आन हवा देणाऱ्या पंपांचा आमचा डबा जळालेला. "लेकरा, सरळ तार जोडली तर एक पंप तापून गेला. दुसरा लावायची हिंमत न्हाई. पिल्लं वर येऊन तोंडं वासून राहिलीत. आमी बादल्यांनी पाणी ढवळून राहिलो. दुपारपर्यंत न्हाई आलास तर सगळं मरतंय बघ!"

दुकानात जुना बोर्ड एकबी नव्हता. नमुना म्हणून आलेला तिसऱ्याच कंपनीचा एक पडलेला, त्याचा रिले, म्हणजे पंपाची वीज जोडणारा-तोडणारा खटका, तोबी उलटा, चालू म्हटलं की बंद होणारा. माझ्या तोंडचं पाणी पळालं. माझ्या जुन्या फाइलीत हे बसवायला चार दिवस गेले असते.

रुक्सारनं नवं फोल्डर उघडलं. पिना लिहिल्या, रिले उलटा हाय हे एका ओळीत सांगितलं. बाकी कशाला हात लावला न्हाई. पाऊण तासात डबा तपासून तयार.

रुक्सारला घेऊन सिद्धेश्वर गाठलं. पंप लागला, टाकीत बुडबुडे उठले. थोडी पिल्लं गेली होती, पण बाकीची हळूहळू खाली पोहू लागली. नानीबाईनं माझेच हात धरले. "लेकरा, लई उपकार झाले तुझे."

गप बसलो असतो तर खपून गेलं असतं. पण राहवलं न्हाई. "नानीबाई, हात ह्या पोरीचे धरा. हे तिनं केलं. आन ह्याच कामासाठी मी तिला आठ दिवस वाट्टेल ते बोललो."

नानीबाईनं रुक्सारला जवळ घेतलं आन माझ्यावर डोळे वटारले. "मंग माफी कवा मागतो?"

मागितली. सगळ्या बायांसमोर, हात जोडून. जन्मात पहिल्यांदाच मागितली, आन खरं सांगतो, लई हलकं वाटलं.